चित्रगृहांतील जुने रंगीत कार्टून लघुपट कसे पाहावेत : नवख्या प्रेक्षकासाठी मार्गदर्शन

१९३२ ते १९४० या काळात अमेरिकेतील स्टुडिओंनी चित्रगृहात मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवण्यासाठी शेकडो रंगीत कार्टून लघुपट तयार केले. बहुतेकांची लांबी सात ते नऊ मिनिटांची, म्हणजे फिल्मच्या एका रिळात मावेल एवढी असे. आज ते इंटरनेटवर, जुन्या डीव्हीडींवर आणि काही स्ट्रीमिंग सेवांवर विखुरलेले सापडतात. ते पाहायला सुरुवात करणे अगदी सोपे आहे, मात्र ते नीट पाहण्यासाठी थोडी तयारी लागते. आपल्यासमोर दिसणारा रंग १९३४ च्या प्रेक्षकाने पाहिलेला रंग आहे, की मधल्या नव्वद वर्षांत फिल्मला जे जे सोसावे लागले त्याचा परिणाम आहे, हा प्रश्न प्रत्येक लघुपटाच्या वेळी स्वतःला विचारायला शिकणे, हीच ती तयारी.

माझी स्वतःची सुरुवात चुकीच्या पद्धतीने झाली. एका दुकानातून मी पन्नास जुन्या कार्टूनांची एक स्वस्त डीव्हीडी आणली होती. तिच्यात पॉपाय या खलाशाचा १९३६ चा सिंदबादवरचा लघुपट होता आणि त्याचे चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत विटकरी-गुलाबी छटेत बुडालेले होते. त्या काळचा रंग असाच असायचा, अशी माझी समजूत झाली आणि ती बरीच वर्षे टिकली. पुढे त्याच लघुपटाची मूळ निगेटिव्हवरून सुधारलेली प्रत पाहिली, तेव्हा गुहेतल्या खडकांच्या हिरव्या-निळ्या सावल्या आणि सिंदबादच्या कपड्यांचे रंग प्रथमच वेगवेगळे दिसले. ती चूक वाचकांनी टाळावी, यासाठी पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने लिहिल्या आहेत त्याच क्रमाने घ्याव्यात, अशी विनंती आहे.

पहिली पायरी : पडदा नीट लावून घ्यावा

दूरचित्रवाणी संच दुकानातून येतो तेव्हा त्यातील रंग मुद्दाम भडक ठेवलेले असतात. चित्राच्या सेटिंगमध्ये 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' असा पर्याय असल्यास तो निवडावा, आणि हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय वेगवेगळ्या नावांनी दिलेली असते ती बंद करावी. या सोयीमुळे कार्टूनाचे विशेष नुकसान होते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालतो, पण कार्टूनात पुष्कळदा एकच रेखाचित्र सलग दोन चौकटींसाठी वापरलेले असते. चित्रकाराने कुठे एका चौकटीला एक चित्र द्यायचे आणि कुठे दोन चौकटींना एक द्यायचे, हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला असतो. संच मधल्या चौकटी स्वतः तयार करू लागला की तो निर्णय पुसला जातो आणि पात्रे पाण्यात तरंगल्यासारखी हलतात.

चित्राची चौकटही ताणू नये. हे लघुपट जवळजवळ चौकोनी, उंचीच्या सुमारे १.३७ पट रुंदीच्या चित्रासाठी काढलेले आहेत, त्यामुळे आजच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणे हेच योग्य आहे. पट्टे घालवण्यासाठी चित्र मोठे केले, तर पात्रांच्या टोप्या आणि पाय कापले जातात.

दुसरी पायरी : दोन रंग आणि तीन रंग यांतील फरक समजून घ्यावा

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. त्यामुळे येथे थोडे थांबावे लागेल.

त्या काळातील कॅमेऱ्यातील फिल्म मुळात काळीपांढरीच होती. रंग मिळवण्यासाठी एकाच दृश्याच्या वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून, म्हणजे फिल्टरांतून, काळ्यापांढऱ्या प्रतिमा घेतल्या जात आणि छपाईच्या वेळी त्या प्रतिमांना रंग दिला जाई. १९३२ पूर्वी व्यवहारात दोनच प्रतिमा घेतल्या जात, एक तांबड्या फिल्टरमधून आणि दुसरी हिरव्या. छापलेल्या प्रतीवर त्यांना अनुक्रमे निळसर-हिरवा आणि नारिंगी-तांबडा असे रंग मिळत. या दोन रंगांच्या मिश्रणातून माणसाच्या त्वचेचा रंग, विटा, लाकूड, गंजलेले लोखंड, मळकट हिरवे गवत हे सारे चांगले उतरते. खरा निळा, लिंबासारखा पिवळा आणि जांभळा मात्र त्यातून निघू शकत नाहीत. आकाश मोरपंखी छटेकडे झुकते, सूर्य नारिंगी किंवा साईच्या रंगाचा होतो.

टेक्निकलर या कंपनीने १९३२ च्या सुमारास तिसरी प्रतिमा जोडली. तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन फिल्टरांतून तीन नोंदी आणि छपाईत त्यांचे तीन पूरक रंग, अशी ही पद्धत होती. कार्टूनासाठी तर पुढे एक फारच सोयीची रीत रूढ झाली. कार्टूनातील पात्र कॅमेऱ्यासमोर स्थिर असते, ते पळून जात नाही. म्हणून एकाच काळ्यापांढऱ्या फिल्मवर त्याच चित्राच्या पाठोपाठ तीन चौकटी, प्रत्येक वेळी फिल्टर बदलून, घेता येत. या निगेटिव्हवर रंगद्रव्य नसतेच, केवळ चांदीची प्रतिमा असते, आणि म्हणून ती नीट जपली गेली असेल तर तिच्यात उडून जाण्यासारखा रंगच नसतो. आज काही लघुपटांच्या झळझळीत प्रती आपण पाहतो, त्यामागे हे कारण आहे.

प्रत छापण्याची पद्धत कोणत्याही जुन्या छापखान्यातल्या माणसाला लगेच उमजेल अशी आहे. प्रत्येक रंगासाठी जिलेटिनचा उंचसखल पृष्ठभाग असलेली एक फीत तयार करत, ती रंगात भिजवत आणि कोऱ्या फिल्मवर दाबत, एकामागून एक असे तीन वेळा. रंगीत कॅलेंडर छापताना जसे एकेक रंग स्वतंत्र चढवावे लागतात आणि कागद किंचित सरकला की मुद्रक 'रजिस्टर चुकले' म्हणतो, तसेच येथेही होई. जुन्या प्रतीत पात्राच्या बाह्यरेषेच्या एका कडेला तांबडी आणि दुसऱ्या कडेला हिरवी झालर दिसली, तर ते रजिस्टर चुकल्याचे किंवा फिल्म आकसल्याचे चिन्ह समजावे.

या तंत्राला व्यवहाराची जोड होती. वॉल्ट डिस्ने यांनी तीन रंगांची पद्धत कार्टूनासाठी सर्वांआधी वापरण्याची जोखीम घेतली आणि त्या बदल्यात १९३५ पर्यंत कार्टूनाच्या क्षेत्रात ती पद्धत फक्त त्यांच्याकडेच राहील, असा करार मिळवला. त्यामुळे १९३४ आणि १९३५ च्या बहुतांश काळातील इतर स्टुडिओंचे रंगीत लघुपट दोन रंगांचेच आहेत. लिऑन श्लेसिंगर यांच्या 'मेरी मेलडीज', फ्लायशर बंधूंच्या 'कलर क्लासिक्स', हार्मन आणि आयझिंग यांच्या 'हॅपी हार्मनीज' या मालिका पाहताना १९३५ हे वर्ष नेहमी लक्षात ठेवावे. अब आयवर्क्स यांनी तर आपली 'कॉमिकलर' मालिका सिनेकलर या दुसऱ्या, स्वस्त पद्धतीत काढली. तिच्या प्रतींवर फिल्मच्या एका बाजूला तांबूस आणि दुसऱ्या बाजूला निळसर प्रतिमा असे. दोन्ही प्रतिमा एकाच पातळीत नसल्यामुळे पडद्यावरचे चित्र किंचित मऊ दिसते.

तिसरी पायरी : तीन लघुपटांवर डोळा तयार करावा

पहिला लघुपट आयवर्क्स यांचा १९३५ चा 'बलून लँड' घ्यावा. फुग्यांनी बनलेल्या लोकांचे एक नगर आहे आणि टाचण्या अंगावर बाळगणारा एक खलपुरुष त्यावर चालून येतो, एवढीच गोष्ट आहे. घरगुती प्रोजेक्टरच्या काळात तो 'द पिनकुशन मॅन' या नावानेही विकला जात असे, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधावा. पाहताना हातात कागद घ्यावा आणि पडद्यावर कोणते रंग मुळीच दिसत नाहीत, त्यांची यादी करावी. पहिल्या वेळी ही यादी करणे विचित्र वाटते. आपल्याला दिसणाऱ्या गोष्टी मोजण्याची सवय असते, न दिसणाऱ्या नव्हे. तरीही हा सराव टाळू नये.

दुसरा लघुपट फ्लायशर बंधूंचा १९३४ चा 'पूअर सिंड्रेला'. बेटी बूप ही त्यांची नायिका एरवी काळ्यापांढऱ्या चित्रांत काळ्या कुरळ्या केसांची आहे. या लघुपटात मात्र तिचे केस तांबडे आहेत. सिनेकलरच्या दोन रंगांत तांबूस-नारिंगी छटा सर्वांत सुंदर उतरते, आणि ज्या चित्रकारांना निळा रंग मिळणार नव्हता त्यांनी हाती असलेल्या रंगाचा पुरेपूर उपयोग करून घेतला, हे त्या केसांकडे पाहिले की कळते. बेटी बूपचा त्या काळात चित्रगृहांसाठी काढलेला हा एकमेव रंगीत लघुपट आहे.

या दोघांनंतर तिसरा, डिस्ने यांच्या 'सिली सिम्फनी' मालिकेतला 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' पाहावा. तो कालक्रमाने आधीचा, जुलै १९३२ चा आहे, पण मुद्दाम शेवटी ठेवला आहे. दिग्दर्शक बर्ट जिलेट. हा लघुपट मुळात काळापांढरा सुरू झाला होता आणि बरेचसे काम झाल्यावर ते बाजूला सारून रंगात नव्याने करण्यात आले. दोन तरुण झाडांचे प्रेम, त्यांच्यावर जळणारे एक वठलेले झाड, त्याने लावलेली आग, ढगांना चोचींनी भोके पाडून पाऊस पाडणारे पक्षी आणि शेवटी त्या दोन झाडांचे लग्न, असे त्याचे कथानक आहे. लग्नाच्या प्रसंगी मागे इंद्रधनुष्य उमटते. तेथे चित्र थांबवावे. आधीच्या दोन लघुपटांत न सापडलेल्या रंगांची आपली यादी या इंद्रधनुष्यासमोर धरून पाहावी. पिवळा, निळा आणि जांभळा असे स्वतंत्र पट्टे दोन रंगांच्या पद्धतीत रंगवणाऱ्याने कितीही कौशल्य पणाला लावले तरी छापताच आले नसते. माझ्या मते एवढा एकच क्षण रंगाच्या इतिहासावरच्या अनेक पानांचे काम करतो. कार्टून लघुपटासाठीचे पहिले अकादमी पारितोषिक याच लघुपटाला मिळाले आणि १९३९ पर्यंत हे पारितोषिक दरवर्षी डिस्ने यांच्याकडेच गेले.

चौथी पायरी : आपल्यासमोरची प्रत कोणती आहे ते ओळखावे

एकाच लघुपटाच्या पाच-सहा प्रती इंटरनेटवर सापडतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कोणती निवडावी, यासाठी आधी शीर्षकाची पाटी वाचावी. पॅरामाउंटने वितरित केलेले फ्लायशरांचे लघुपट १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी विकले गेले, तेव्हा 'कलर क्लासिक्स'च्या पाट्यांवरून पॅरामाउंटचे नाव आणि चिन्ह काढून नव्या मालकाचे नाव घालण्यात आले. 'मेरी मेलडीज' वितरित करणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीने १९४३ पासून जुने रंगीत लघुपट 'ब्लू रिबन' या नावाने पुन्हा चित्रगृहांत आणले, आणि तसे करताना पुष्कळ लघुपटांच्या मूळ पाट्या, त्यावरील चित्रकारांच्या आणि संगीतकारांच्या नावांसह, कापून टाकल्या. ज्या माणसांनी ते काम केले त्यांची नावेच मूळ जागेवरून नाहीशी झाली, ही गोष्ट मला आजही फार लागते. मूळ पाटी असलेली प्रत मिळाली तर इतर दोष थोडे सहन करूनही तीच ठेवावी.

पाटीनंतर एकूण छटा पाहावी. १९५० नंतर ईस्टमनकलर या स्वस्त फिल्मवर काढलेल्या प्रतींतील निळसर रंगद्रव्य सर्वांत आधी उडते आणि संपूर्ण चित्र गुलाबी-तांबूस उरते. माझ्या डीव्हीडीवरचा पॉपाय बहुधा अशाच प्रतीवरून उतरवलेला होता. टेक्निकलरच्या ठसापद्धतीने छापलेली प्रत मात्र अनेक दशके टिकते. म्हणून आकाशापासून पात्राच्या डोळ्यांतील पांढऱ्यापर्यंत सर्व काही एकाच तांबूस पडद्याआड दिसले, तर तो मूळ दोन रंगांचा परिणाम समजू नये. दोन रंगांच्या चांगल्या प्रतीत पांढरा पांढराच असतो आणि हिरवट छटाही तितक्याच ठाम असतात.

याच्या उलटही फसगत होते. चित्र रंगीत आहे म्हणून ते मुळात रंगीत होते, असे धरून चालू नये. पोर्की या डुकराचे १९३० च्या दशकातील कित्येक काळेपांढरे लघुपट १९६० च्या दशकाच्या अखेरीस चौकटी नव्याने काढून रंगीत करण्यात आले आणि त्या घाईत हालचालींचे बारकावे गेले. 'लूनी ट्यून्स' ही वॉर्नरची मालिका १९४२-४३ पर्यंत प्रामुख्याने काळीपांढरीच होती, हे माहीत असले की अशी प्रत चटकन ओळखता येते.

तिसरा दोष अलीकडचा आहे. फिल्मवरची धूळ आणि ओरखडे संगणकाकडून आपोआप पुसून घेताना पात्रांच्या बारीक शाईरेषाही पुसल्या जातात. पात्र वेगाने हात फिरवते त्या जागी चित्र थांबवून एकेक चौकट पुढे न्यावी. मिशांचे केस किंवा बोटांमधली रेषा एखाद्या चौकटीत अर्धवट तुटलेली आणि पुढच्या चौकटीत पुन्हा आलेली दिसली, तर ती प्रत अति स्वच्छ केलेली आहे. अशा प्रतीपेक्षा थोडी धूळ असलेली प्रत नेहमी पत्करावी.

सुरुवातीला खात्रीच्या प्रती हव्या असतील, तर सिली सिम्फनीचा २००१ मध्ये आलेला डीव्हीडी संच आणि पॉपायच्या १९३३ ते १९३८ या काळातील लघुपटांचा २००७ चा संच हे दोन्ही शोधावेत. कॉमिकलरचे लघुपट इंटरनेट आर्काइव्हवर मुक्तपणे पाहता येतात, मात्र तेथे प्रतीचा दर्जा एकेक करून तपासावा लागतो.

पाचवी पायरी : चौकटीचौकटीने पाहावे

रंगाची ओळख झाल्यावर खोलीकडे वळावे. कार्टूनातील पात्र सेलवर, म्हणजे पातळ पारदर्शक पत्र्यावर, काढलेले असते. पुढच्या बाजूने शाईची रेषा आणि मागच्या बाजूने रंग. एका चौकटीसाठी असे अनेक सेल एकावर एक ठेवले जात आणि प्रत्येक थर खालच्या रंगाला किंचित मंद करी. म्हणून एकच पात्र खालच्या थरातून वरच्या थरात गेले, तर त्याचा रंग बदलल्यासारखा दिसू नये यासाठी वेगळी छटा कालवावी लागे. डिस्ने यांच्याकडे शाई आणि रंगाचे हे काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या आणि त्यांची नावे पाट्यांवर येत नसत. एखादा स्थिर क्षण थांबवून केवळ रेषेची जाडी कशी सांभाळली आहे ते पाहावे. हजारो सेलवर हातांनी ती एकसारखी ठेवलेली आहे.

हे थर सपाट असतात, त्यामुळे कॅमेरा पुढे सरकला तरी जवळचे झाड आणि दूरचा डोंगर सारख्याच प्रमाणात मोठे होतात. या अडचणीवर दोन स्टुडिओंनी दोन वेगळे उपाय शोधले. ते शेजारी ठेवून पाहणे हा माझ्या दृष्टीने या लघुपटांच्या अभ्यासातला सर्वांत आनंदाचा भाग आहे.

डिस्ने यांच्या १९३७ च्या 'द ओल्ड मिल' मध्ये मल्टिप्लेन कॅमेरा वापरला आहे. काचेचे रंगवलेले थर एकमेकांपासून अंतरावर ठेवायचे, कॅमेरा वर, आणि प्रत्येक थर स्वतंत्र वेगाने हलवायचा. पडक्या पवनचक्कीत राहणारे पक्षी, वटवाघळे, उंदीर आणि घुबड यांची वादळी रात्र, एवढाच विषय आहे. संवाद जवळजवळ नाहीत. एका पक्षिणीने दातेरी चाकाच्या खाचेत घरटे केले आहे. वादळात दोर तुटतो आणि चाक फिरू लागते. समोरच्या चाकाचा एकेक लाकडी दात खाचेत बसत पुढे येतो आणि पक्षीण अंड्यांवरून हलत नाही. नेमका तिच्या खाचेत बसणारा दात तुटलेला असतो, म्हणून ती वाचते. हा प्रसंग आधी सलग पाहावा आणि नंतर थांबवत पाहावा. चाकाचे वजन, पक्षिणीचे अंग चोरणे आणि मागच्या अंधाराची खोली या तीन गोष्टी तीन वेगळ्या फेऱ्यांत पाहाव्यात. एकाच फेरीत सगळे पाहू गेले तर काहीच नीट दिसत नाही.

फ्लायशर बंधूंनी मात्र रंगवलेल्या पार्श्वभूमीऐवजी खरा छोटा देखावा उभारला. फिरत्या मेजावर खडक, झाडे, गुहा यांची प्रतिकृती, तिच्यापुढे उभ्या काचेत पात्राचा सेल, आणि समोर कॅमेरा. 'पॉपाय द सेलर मीट्स सिंदबाद द सेलर' हा १९३६ चा, सुमारे १६ मिनिटांचा दोन रिळांचा लघुपट तीन रंगांच्या टेक्निकलरमध्ये आहे. त्यात सिंदबाद आपल्या बेटावरून गात चालत जातो, तेव्हा मागचे खडक एकमेकांमागून खऱ्या वस्तूंसारखे वळतात आणि त्यांवर प्रकाशाची खरी सावली पडते. डिस्ने यांची खोली चित्रासारखी मऊ आहे, तर फ्लायशरांची खोली हाताला लागेल अशी टणक आहे. मला स्वतःला दुसरी अधिक आवडते, कारण सपाट पात्र आणि घन देखावा यांच्यातील विसंगती लपवण्याचा प्रयत्न त्यांनी केलेला नाही.

सहावी पायरी : एक फेरी आवाज बंद करून, एक फेरी डोळे मिटून

'सिली सिम्फनी' ही मालिका १९२९ मध्ये सुरू झाली, ती संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांच्या सूचनेवरून. गोष्टीला संगीत लावण्याऐवजी संगीतातून गोष्ट फुलवावी, अशी ती कल्पना होती. प्रत्येक तालमात्रेला किती चौकटी येणार, हे आधी ठरत असे आणि चित्रकार त्यावर हालचाल बसवत. १९३३ च्या 'थ्री लिटल पिग्ज' साठी फ्रँक चर्चिल यांनी केलेले लांडग्याला आव्हान देणारे गाणे आर्थिक मंदीच्या त्या दिवसांत अमेरिकाभर लोकांच्या तोंडी झाले. हा लघुपट एकदा आवाज बंद करून पाहावा आणि टाळीने ताल धरावा. पात्रांच्या पावलांवरून ताल सापडतो. मग आवाज चालू करून आपला ताल बरोबर होता का, ते तपासावे. ज्यांनी तबल्याची किंवा लेझमीची तालीम घेतली आहे, त्यांना हा सराव विशेष सोपा जाईल.

सातवी पायरी : खटकणाऱ्या चित्रणासाठी तयार असावे

या लघुपटांत कृष्णवर्णीय, ज्यू, चिनी आणि इतर समाजांची अपमानकारक विडंबने वारंवार येतात. 'थ्री लिटल पिग्ज' च्या मूळ प्रतीत लांडगा ज्यू फेरीवाल्याचे सोंग घेऊन येतो, आणि तो भाग पुढे पुनःप्रदर्शनासाठी नव्याने काढण्यात आला. वॉर्नरचे अकरा लघुपट १९६८ मध्ये याच कारणासाठी दूरचित्रवाणीवरून बाजूला काढले गेले. घरातील लहान मुलांना दाखवण्यापूर्वी प्रत्येक लघुपट स्वतः पूर्ण पाहून घ्यावा. अभ्यासासाठी पाहताना मात्र कापलेली प्रत निवडू नये, आणि त्या चित्रणाची नोंद आपल्या वहीत रंगाच्या नोंदीइतक्याच काळजीने करावी.

आठवी पायरी : वही ठेवावी

वही साधी असावी. लघुपटाचे नाव, स्टुडिओ, वर्ष, रंगाची पद्धत, प्रत कुठली आणि तिच्या पाट्या मूळ आहेत का, एवढे एका ओळीत लिहावे, आणि खाली एकच निरीक्षण लिहावे. आठवड्याला तीनपेक्षा अधिक लघुपट घेऊ नयेत. हे लघुपट एकामागून एक वीस पाहण्यासाठी कधीच काढलेले नव्हते. प्रेक्षक चित्रगृहात एका खेळाला असा एखादा पाहत असे आणि घरी जात असे. सलग पाहिल्यास सर्व रंग आणि सर्व पाठलाग एकमेकांत मिसळून जातात.

मराठी वाचकाने या वहीचे एक पान आपल्याकडच्या समांतर घटनांसाठी राखावे. दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या हलवून केलेला 'आगकाड्यांची मौज' १९१५ चा आहे. डिस्ने तीन रंगांत काम करू लागले त्याच सुमारास, १९३३ मध्ये, प्रभात फिल्म कंपनीने 'सैरंध्री' रंगीत करण्याचे धाडस केले. व्ही. शांताराम त्यासाठी जर्मनीला गेले, परंतु तेथे काढलेल्या प्रतींतील रंग समाधानकारक उतरले नाहीत. दुसऱ्या पायरीत पाहिलेल्या अडचणी किती खऱ्या होत्या, हे या उदाहरणावरून कळते. पाठोपाठ १९३४ मध्ये प्रभातने 'जंबूकाका' हा कार्टून लघुपटही केला.

शेवटी, खरी फिल्म हाती आली तर

जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या चित्रगृहाच्या सामानात कधी फिल्मचे डबे मिळतात. १६ मिलिमीटरची फिल्म सुरक्षित, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या, पायाची असते. ती हाती धरली असता व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ती खराब होऊ लागली आहे, म्हणून इतर फिल्मपासून लगेच वेगळी ठेवावी. ३५ मिलिमीटरची १९५० च्या आधीची फिल्म मात्र नायट्रेटची असू शकते, आणि नायट्रेट अतिशय ज्वलनशील असते. ते एकदा पेटले की पाण्याखालीही जळत राहते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील साठ्याला आग लागून प्रभातच्या काळातील नायट्रेट फिल्म जळून गेल्या. ज्यांनी ते चित्रपट पाहिले होते, त्यांच्याकडून त्या दिवसाबद्दल ऐकताना आजही मन जड होते.

अशा फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' असे छापलेले नसेल, किंवा फिल्म चिकट, फुगलेली अथवा तपकिरी भुकटी सांडणारी असेल, तर ती उलगडू नये आणि प्रोजेक्टरवर तर मुळीच चढवू नये. डबा उन्हापासून, स्वयंपाकघरापासून आणि विजेच्या उपकरणांपासून दूर, घराबाहेरील सावलीच्या हवेशीर जागी ठेवावा, त्याच्या झाकणावरील सर्व मजकुराचे छायाचित्र घ्यावे आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा. डब्यावर लिहिलेले नाव आणि आतील फिल्म यांचा मेळ असेलच असे नाही, म्हणून 'कार्टून' एवढाच शब्द लिहिलेला डबाही क्षुल्लक समजून टाकून देऊ नये.